अकोल्याहून अमरावतीला, एक पेपर वाचायला

जानेवारीतली सकाळ. फजरची नमाज आटोपून आम्ही तिघी अकोल्याच्या बसस्थानकावर उभ्या होतो. मोठी आपा, आपाची मुलगी म्हणजे आमची भाची, आणि तिची ही मास्तरीण खाला. शाळेत एका दिवसाची किरकोळ रजा टाकली होती. आपाने रात्री जागून लॅपटॉपसाठी जुन्या गोधडीची पिशवी शिवली होती. ती पिशवी भाचीने पोटाशी अशी धरली होती, की पाहणाऱ्याला वाटावं, आत तान्हं मूल आहे.

बस आली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या घरातल्या बायका प्रवासाला कुरकुरत नाहीत. तिघींची जागा एकाच बाकावर मिळाली. पलीकडच्या बाकावर बोरगावला उतरणाऱ्या एक आजीबाई होत्या. भाचीच्या हातातले कागद बघून त्यांनी विचारलं, ‘‘पोरीचा पेपर हाय काय?’’

आम्ही म्हटलं, ‘‘हो, अमरावतीला पेपर आहे.’’

‘‘मंग काऊन बोलून राह्यल्या तिच्याशी? वाचू द्या ना तिले!’’

यावर काय सांगणार? परिषदेत वाचायचा शोधनिबंध आणि परीक्षेचा पेपर, दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. खरं म्हणजे आजीबाई चुकल्याही नव्हत्या. त्या दिवशीची ती परीक्षाच होती, फक्त प्रश्नपत्रिका कोणी छापली नव्हती.

वाचक भगिनींना आधी ओळख करून द्यायला हवी. आमची भाची संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन दिवसांची परिषद होती. तिथे तिचा निबंध स्वीकारला गेला होता. विषय होता, छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोग, म्हणजे टीबी, संगणकाला ओळखता येतो का. आमच्या घरात परिषदेत बोलायला गेलेलं याआधी कोणी नाही. आम्ही स्वतः बी.एड. केलं, उर्दू आणि मराठी शिकवतो, पण आमचं व्यासपीठ म्हणजे शाळेचा स्नेहसंमेलनाचा मंडप. त्यापुढे आम्ही गेलेलो नाही.

भाचीने हा विषय का घेतला, याचं कारण घरातच आहे. आमच्या अम्मांना, म्हणजे तिच्या नानीला, काही वर्षांपूर्वी खोकला जडला. औषधं झाली, काढे झाले. शेवटी एका दवाखान्यात एक्स-रे काढला. प्लेट हातात मिळाली, पण ती वाचणारे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच यायचे. तिथल्या एकाने प्लेट खिडकीकडे धरून ‘काही विशेष नाही’ म्हटलं आणि आम्हीही खुशीने घरी आलो. पुढे बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तीच प्लेट पाहून कपाळाला हात लावला. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला पांढुरका डाग पहिल्यापासून तिथेच होता. उपचार पूर्ण झाले, अल्लाहच्या कृपेने अम्मा बऱ्या झाल्या, पण जिना चढताना आजही मध्येच टेकतात. ती प्लेट तपकिरी पाकिटात त्यांच्या लोखंडी पेटीत आहे. घरातल्या मुलांनी एकदा ग्रहण बघायला ती काढली होती, तेव्हा आम्हीच ओरडलो होतो. एक्स-रेच्या प्लेटमधून सूर्य बघणं डोळ्यांना घातक असतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

बोरगाव मंजू मागे पडलं, आजीबाई उतरल्या. उतरताना भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून ‘‘चांगला लिहिजो’’ म्हणाल्या. काटेपूर्णा नदीचा पूल आला. दोन्ही बाजूंना तुरीची कापणी चालली होती, कपाशीच्या शेवटच्या वेचणीची पांढरी बोंडं मधूनच दिसत होती, हरभरा घाट्यांवर आला होता. मूर्तिजापूरच्या स्थानकाजवळ आपाला शकुंतला गाडीची आठवण आली. ब्रिटिशांच्या काळात वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला टाकलेली ती अरुंद रुळांची गाडी इथून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जायची. लहानपणी आम्ही तिच्यातून अचलपूरच्या नातेवाइकांकडे गेलो आहोत. आता रूळ गवतात आहेत.

त्यापुढचा रस्ता मात्र गुळगुळीत. माना ते लोणी हा तोच पट्टा, जिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी मार्गिका अंथरली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. बस जराही न हलता चालली होती, पण भाचीचे हात थरथरत होते. भीती बोलण्याची नव्हती. भीती एका आकड्याची होती.

तो आकडा समजायला तिचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. आम्हाला तिने जसं समजावलं, तसंच सांगतो.

एक्स-रेची किरणं शरीरातून आरपार जातात. हाडं ती अडवतात, म्हणून फिल्मवर पांढरी दिसतात. फुप्फुसात हवा, म्हणून तो भाग काळा. टीबीने फुप्फुसात सूज किंवा पोकळी झाली, की त्या काळ्यात पांढुरके ठिपके, डाग उमटतात. डॉक्टरांची नजर ते हेरते. संगणकाला नजर नाही. त्याच्यासाठी तेच चित्र म्हणजे आकड्यांचा मोठा तक्ता आहे. पूर्ण काळा ठिपका म्हणजे ०, पूर्ण पांढरा म्हणजे २५५, मधल्या करड्या छटा मधल्या आकड्यांच्या. अशी शेकडो चित्रं दाखवायची, प्रत्येकाबरोबर सांगायचं, हा टीबीचा, हा निरोगी. आम्ही पहिलीच्या मुलांना अलिफ आणि बे गिरवून घेतो, तसंच. पुष्कळ गिरवलं की तो न पाहिलेल्या चित्राबद्दलही अंदाज सांगू लागतो.

चित्रं आणायची कुठून? दवाखान्यातल्या रुग्णांची चित्रं परवानगीशिवाय घेता येत नाहीत. म्हणून जगभरचे विद्यार्थी अभ्यासासाठी खुल्या केलेल्या संचांवर काम करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २०१४ मध्ये असे दोन संच दिले. एक चीनमधल्या शेन्झेनच्या रुग्णालयाचा, ६६२ चित्रांचा, त्यात ३३६ टीबीची. दुसरा अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी काउंटीचा, १३८ चित्रांचा, त्यात ५८ टीबीची. अकोल्याच्या खोलेश्वर भागातल्या एका खोलीत बसून आमची भाची शेन्झेनच्या छात्या बघत होती!

तिने दोन्ही संच एकत्र केले, पत्त्यांसारखे पिसले, काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवले. निकाल झकास आला. तोच आकडा सारांशात लिहिला, सारांश स्वीकारला गेला, परिषदेच्या पुस्तिकेत छापूनही झाला. घरात मिठाई वाटली गेली.

परिषदेला तीन आठवडे असताना तिला शंका आली. तिने संगणकाला फक्त शेन्झेनची चित्रं शिकवली आणि मॉन्टगोमेरीची विचारली. आकडा धाडकन खाली आला. मग संगणक चित्रात नेमकं कुठे बघतो, हे रंगाने दाखवणारी एक पद्धत असते, ती तिने वापरली. लाल रंग फुप्फुसावर यायला हवा होता. कितीतरी चित्रांत तो कोपऱ्यावर आला होता, जिथे उजवी-डावी बाजू कळायला धातूचं अक्षर ठेवतात, किंवा चित्राच्या कडेवर. म्हणजे पठ्ठ्याने आजार शिकलाच नव्हता. कोणत्या यंत्रावर, कोणत्या गावी चित्र काढलं, तेवढं ओळखून तो उत्तरं ठोकत होता. आमच्या वर्गात एक मुलगा होता, बाराखडी न वाचता पुस्तकाच्या पानावरचं चित्र बघून धडा घडाघडा म्हणायचा. चित्र झाकलं की गप्प. अगदी तसंच.

असं घडणारी ती पहिली नव्हती. २०१८ मध्ये प्लॉस मेडिसिन या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दाखवली होती. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेला संगणक आपल्या रुग्णालयात हुशार, दुसऱ्या रुग्णालयात कच्चा, कारण चित्र कुठलं आहे हे तो ओळखत होता. भाचीने तो निबंध वाचला आणि दोन दिवस जेवली नाही.

आता करायचं काय? तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘‘छापून झालंय, तेच वाच. कोण तपासतंय?’’ तिचे सर भले माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मात्र आकडा बदललास तर परीक्षक विचारतील, आणि कदाचित निबंध नाकारतीलही. तयारी असेल तर कर.’’

त्या रात्री ती वडिलांजवळ बसली. आमचे दुल्हाभाई बाजार समितीत मापारी आहेत. तीस वर्षं काट्यावर उभे. तूर, सोयाबीन, हरभरा, शेतकऱ्याचं पोतं चढवायचं आणि वजन पुकारायचं. त्यांना ना संगणक कळतो, ना फुप्फुसं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘पोतं चढवायच्या आधी काटा कितीवर होता?’’

भाची म्हणाली, ‘‘अब्बू, बहुतेक शून्यावर नव्हताच.’’

‘‘तो बेटी, पहले काँटा सिफर पर ला. फिर से तोल. जो आएगा सो आएगा.’’

मापात खोट करणाऱ्यांबद्दल पवित्र कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे आम्ही मदरशात पाठ केलं होतं. तिचा अर्थ एक्स-रेलाही लागू होतो, हे त्या दिवशी घरातल्या चुलीपाशी कळलं. भाचीने पुन्हा तोललं. मॉन्टगोमेरीच्या संचात फुप्फुसांच्या कडा हाताने आखून दिलेल्या आहेत. त्यांच्या मदतीने तिने फुप्फुसाबाहेरचं सगळं झाकून टाकायला संगणकाला शिकवलं, अक्षर झाकलं, कडा झाकल्या, आणि एका गावचं शिकवून दुसऱ्या गावचं विचारलं. आकडा थोडा वर आला, पण छापलेल्या आकड्याच्या जवळही गेला नाही.

हेच ओझं घेऊन आम्ही बडनेरा ओलांडून अमरावतीत शिरलो.

अमरावती आम्हा अकोलेकरांना थोरल्या बहिणीसारखी. १ मे १९८३ ला इथे विद्यापीठ झालं. आज ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखलं जातं आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याखाली येतात. त्याआधी पदवीच्या निकालासाठी सगळ्या वऱ्हाडाने नागपूरकडे डोळे लावायचे. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय इथे १९८४ मध्ये निघालं, आमच्या अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला २००२ साल उजाडलं. ज्या प्रदेशात डॉक्टर घडवणारी शाळाच एवढी उशिरा आली, तिथे प्लेट वाचणारा तज्ज्ञ गावोगाव कुठून मिळणार? एक्स-रेचं यंत्र विकत आणता येतं, ते वाचणारी नजर तयार व्हायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं.

महाविद्यालयाच्या फाटकात रांगोळी होती. नोंदणीच्या टेबलावर एक पिशवी, पेन, जेवणाचं कूपन आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. आपाने विचारलं, ‘‘आम्हाला पण?’’ टेबलामागची स्वयंसेवक मुलगी हसली. दर्यापूरची होती. तिने आम्हा दोघींना पाहुण्यांची पट्टी लावली आणि चहा कुठे आहे ते दाखवलं.

उद्घाटन तासभर उशिरा झालं. दीपप्रज्वलन, रोपटं देऊन स्वागत, शाल, भाषणं. परदेशातले एक प्राध्यापक पडद्यावरून बोलणार होते, त्यांचं तोंड हलायचं आणि आवाज नंतर यायचा. शाळेच्या गॅदरिंगची सवय असल्याने आम्हाला यात काही परकं वाटलं नाही. त्यांच्या भाषणातली एक गोष्ट मात्र आम्ही वहीत उतरवून घेतली. शरीराचे आडवे काप दाखवणाऱ्या सीटी स्कॅनसाठी १९७९ मध्ये हौन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना नोबेल मिळालं, हे सगळे जाणतात. पण कापांची चित्रं गणिताने झटपट आणि स्वच्छ जुळवण्याची रीत १९७१ मध्ये आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी मांडली होती. आपल्या गावात स्कॅन काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

मग वेगवेगळ्या खोल्यांत तांत्रिक सत्रं सुरू झाली. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न. समोर दोन परीक्षक, एक अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका आणि एक निवृत्त रेडिओलॉजिस्ट. भाचीच्या आधी पाच जण बोलले. एकाने कपाशीच्या पानांच्या फोटोवरून रोग ओळखला, एकीने संत्री वाणाप्रमाणे निवडली. वऱ्हाडातली मुलं वऱ्हाडचेच प्रश्न घेऊन आली होती, हे पाहून बरं वाटलं. दोघांनी मेंदूतल्या गाठी एमआरआयवरून ओळखल्या. सगळ्यांचे आकडे शंभराला टेकलेले. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या आणि आपा आमच्या कानात विचारत होती, ‘‘आपला किती आहे ग?’’ आम्ही सांगितलं नाही.

भाचीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, ओढणी सावरली, सलाम करावा की गुड मॉर्निंग म्हणावं या गोंधळात दोन्ही म्हणून गेली. पहिल्या चित्रात अम्मांच्या प्लेटसारखी एक छाती. दुसऱ्या चित्रात पुस्तिकेत छापलेला आकडा, आणि त्यावर तांबडी रेघ.

‘‘पान तेवीसवर छापलेला हा आकडा मी मागे घेते,’’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘‘तो का चुकीचा आहे, एवढंच मी आज सांगणार आहे.’’

खोलीत पानं उलटल्याचा आवाज झाला. मागून कोणीतरी हसलं. आमच्या तळहाताला घाम सुटला. ती मात्र बोलत गेली. कोपऱ्यातल्या अक्षरावर आलेला लाल रंग दाखवला, एका गावचं शिकून दुसऱ्या गावी नापास झालेला संगणक दाखवला, झाकल्यावर काय सुधारलं आणि काय सुधारलं नाही, ते दाखवलं. दहा मिनिटांची घंटा झाली तेव्हा शेवटचं चित्र अजून बाकी होतं. ते राहूनच गेलं.

प्राध्यापिका बाईंनी विचारलं, ‘‘मग तुमच्या निबंधात उरलं काय?’’

भाची गप्प झाली. किती वेळ? पाच-सात सेकंद असतील. आपाने आमचं मनगट असं आवळलं, की बांगडीचा वळ संध्याकाळपर्यंत होता. मग ती हळू म्हणाली, ‘‘मॅडम, उरला तो इशारा. हे यंत्र उद्या कोणी आमच्या तालुक्यात बसवलं, तर त्याआधी आमच्या तालुक्याच्या प्लेटवर तपासा. नाहीतर ते निरोग्याला रोगी आणि रोग्याला निरोगी म्हणेल, आणि आकडा मोठा असल्यामुळे लोक विश्वास ठेवतील.’’

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मग ते निवृत्त डॉक्टर पुढे वाकले. त्यांनी मराठीतच विचारलं, ‘‘जुना, बरा झालेला टीबी आणि आत्ता चालू असलेला टीबी, यांतला फरक तुझं यंत्र सांगतं का, बेटा?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘माझ्याकडे येणाऱ्या प्लेटमध्ये निम्मा घोळ तोच असायचा. संगणकाच्या आधी तू स्वतः दोनशे प्लेट वाचायला शीक.’’ आणि मग म्हणाले, ‘‘जेवणानंतर मला भेट.’’

टाळ्या पडल्या, पण बेताच्याच.

जोहरची वेळ झाली होती. दर्यापूरच्या त्या मुलीला विचारलं, तर तिने मुलींच्या खोलीतली बाकं बाजूला सारली, झाडू मारला आणि दाराशी स्वतः उभी राहिली. आम्ही प्रवासी, म्हणून कसर नमाज पढलो. सलाम फेरल्यावर पाहिलं, तर भाची सजद्यात रडत होती. आम्ही काही विचारलं नाही. अशा वेळी विचारू नये, एवढं शिकवणीच्या वीस वर्षांत कळलं आहे.

जेवणात भाजी, पोळी, वरण-भात आणि बुंदी. डॉक्टरसाहेब ताट घेऊन आमच्या शेजारीच बसले. त्यांच्या बोलण्यातून बरंच समजलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीत छातीचा एक्स-रे वाचायला संगणकाची मदत घ्यायला मान्यता दिली आहे. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्यूअर डॉट एआयसारख्या कंपन्यांची अशी साधनं आज देशोदेशी वापरात आहेत. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात असताना हे काम आपल्याकडे व्हायलाच हवं. ‘‘पण संशय काढणं वेगळं आणि निदान करणं वेगळं,’’ ते म्हणाले. ‘‘यंत्राने संशय दाखवला, तर थुंकीची तपासणी चुकत नाही.’’ आणि स्थानिक प्लेट हव्या असतील तर मार्ग सरळ आहे. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना बरोबर घ्यायचं, तिथल्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज करायचा, रुग्णाची संमती घ्यायची, नाव-गाव पुसून टाकायचं. वेळ लागतो, पण त्याला आडवाट नाही.

मग त्यांनी रोंटगेनची गोष्ट सांगितली. ८ नोव्हेंबर १८९५ ला त्याला ती किरणं दिसली. तो कित्येक आठवडे प्रयोगशाळेतच जेवला-झोपला, पुन्हा पुन्हा तपासत राहिला. डिसेंबरात बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, अंगठीसकट. आणि २३ जानेवारी १८९६ ला वुर्झबर्गच्या विद्वानांपुढे जाहीर भाषण करताना तिथल्याच कॉलिकर नावाच्या वृद्ध शरीरशास्त्रज्ञाच्या हाताचा एक्स-रे सगळ्यांसमोर काढला. ‘‘परिषदेत पेपर वाचावा तो असा,’’ डॉक्टर हसत म्हणाले. या शोधाचं त्याने पेटंटही घेतलं नाही.

आम्हालाही मग राहवलं नाही. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने कैरोत बसून ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली, तिची गोष्ट आम्ही आठवीच्या मुलांना सांगत असतो. डोळ्यातून किरणं निघून वस्तूला लागतात, असं बडेबडे ग्रीक विद्वान मानत. त्याने अंधाऱ्या खोलीत छोट्या छिद्रातून येणारा उजेड तपासून दाखवला, की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. त्याने टॉलेमीसारख्या नामवंताच्या लिखाणावरच्या शंकांचंही वेगळं पुस्तक लिहिलं. जुन्या ग्रंथांवर नुसता विश्वास टाकू नये, आपल्या स्वतःच्या समजुतीवरही संशय घ्यावा, हा त्याचा आग्रह. डॉक्टरांनी हात धुता धुता ते नाव दोनदा विचारून घेतलं.

बक्षीस मेंदूच्या गाठीवाल्या मुलाला मिळालं. प्राध्यापिका बाईंनी भाचीला बाजूला बोलावून सांगितलं, की सारांश बदलला असल्याने निबंध पुन्हा तपासणीला जाईल, परिषदेच्या ग्रंथात येईल की नाही हे नंतर कळेल. हे लिहीपर्यंत ते कळलेलं नाही. प्रमाणपत्र मात्र मिळालं, त्यावर तिच्या नावात एक वेलांटी चुकली आहे.

संध्याकाळच्या बसला वेळ होता. अमरावतीला येऊन गिला वडा न खाता परतणं बरं दिसत नाही, म्हणून राजकमल चौकाकडे गेलो. दह्यातला तो वडा खाताना भाची दिवसात पहिल्यांदा हसली. वाटेत इर्विन चौक लागला. जिल्हा रुग्णालयाला इथे अजून सगळे इर्विनच म्हणतात. फाटकाबाहेर मेळघाटातून आलेलं एक कुटुंब पथारी टाकून बसलं होतं. म्हाताऱ्याच्या उशाला तपकिरी पाकीट होतं. भाची थबकली, त्या पाकिटाकडे बघत राहिली, मग चालू लागली. आपाला नागपुरी गेटजवळच्या एका जुन्या मैत्रिणीला भेटायचं होतं. निजामाच्या काळात पेंढाऱ्यांपासून बचावासाठी बांधलेल्या परकोटाचा तो दरवाजा. तिथे चहा झाला, मगरिब झाली. मैत्रिणीने भाचीला विचारलं, ‘‘पहिला नंबर आला का?’’ आपा आमच्या आधी बोलली, ‘‘नंबर नाही आला. पण खोटं नाही बोलली.’’

मुली-सुनांना अशा परिषदांना पाठवणाऱ्या घरांसाठी दोन-चार गोष्टी लिहाव्याशा वाटतात. पैसे भरले की कुणाचाही निबंध दोन दिवसांत छापू म्हणणाऱ्या परिषदा पुष्कळ आहेत. निबंध खरोखर कोणी तपासतं का, हे आधी विचारा. पहिल्या वेळी घरातलं एखादं माणूस बरोबर जाऊ द्या, पण प्रश्नांची उत्तरं तिलाच देऊ द्या. बोलण्याचा सराव स्वयंपाकघरात करून घ्या. भाचीने दहा वेळा तरी आपाला पोळ्या लाटताना पेपर ऐकवला होता, आणि जे आपाला कळलं नाही, ते तिने सोपं केलं. आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न बक्षिसाचा विचारू नका.

रात्री घरी पोचलो, तेव्हा दुल्हाभाई दारातच होते. त्यांनीही पहिला प्रश्न विचारला तो, ‘‘जेवलात का?’’ नंतर भाचीने त्यांना सगळं सांगितलं, हसणारा मुलगाही सांगितला. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘‘वजन कमी भरलं की शेतकरीही आधी काट्यालाच शिव्या देतो.’’

अम्मा जाग्याच होत्या. त्यांना वाटत होतं, त्यांचीच प्लेट परिषदेत दाखवली असेल. ‘‘माझा फोटो बघून काय म्हणाले मोठे डॉक्टर?’’

‘‘नानी, तुझा नव्हता तो. दुसऱ्या कोणाचा होता. आपल्याकडच्या प्लेट वापरायला त्या माणसाची परवानगी लागते, सही लागते, समितीचा कागद लागतो.’’

अम्मांनी पेटीची किल्ली कमरेची सोडली. ‘‘समितीचं तू बघ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सही कुठे करायची, तेवढं सांग.’’